राहत्या फ्लॅटच्या नूतनीकरणासाठी स्थानिक ठेकेदार नेमताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांत सहकारी गृहनिर्माण सोसायटीतील जुना फ्लॅट नव्याने करून घेणाऱ्या कुटुंबांना जे प्रश्न पडतात, ते येथे घेतले आहेत. स्वतंत्र बंगला किंवा गावाकडचे घर असेल तर सोसायटीच्या परवानगीचा भाग वगळावा. बाकीचे बहुतेक सर्व तसेच लागू पडते.

ठेकेदार नेमणे खरोखर गरजेचे आहे का, की गवंडी, प्लंबर, सुतार स्वतःच लावावेत?

एखाद्या खोलीचा रंग, स्वयंपाकघराचा ओटा बदलणे किंवा एका दाराची चौकट दुरुस्त करणे, एवढेच काम असेल तर ठेकेदाराची गरज नाही. ओळखीचा मिस्त्री रोजंदारीवर किंवा उक्त्या दराने लावावा आणि मोकळे व्हावे. मात्र तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, फरशी आणि फर्निचर ही कामे एकाच वेळी निघाली, की प्रत्येक कारागीर दुसऱ्यासाठी थांबतो. प्लंबरने पाइप टाकल्याशिवाय गिलावा होत नाही, वायरमनने भिंतीत खाचा पाडून पाइप बसवल्याशिवाय पुट्टी होत नाही आणि सुताराने ओट्याखालच्या कपाटांची मापे दिल्याशिवाय पाण्याच्या व विजेच्या जागा नक्की होत नाहीत. हा मेळ घालणे हेच ठेकेदाराचे खरे काम असून त्याचा नफा हा त्याचाच मोबदला असतो. घरातील एखादी जाणकार व्यक्ती रोज सकाळ-संध्याकाळ कामावर उभी राहू शकत असेल तर तो नफा वाचवता येतो. दोघेही नोकरीवर जाणारे असतील तर तो वाचवण्याच्या नादात जास्तच खर्च होतो.

इंटिरिअर डिझायनर आणि ठेकेदार यांत फरक काय?

डिझायनर आराखडा, रंगसंगती आणि साहित्याची निवड ठरवतो. ठेकेदार माणसे लावून ते प्रत्यक्षात उतरवतो. काही डिझायनर स्वतःची माणसे घेऊन संपूर्ण कामाचा ठेकाही घेतात. त्यात सोय आहे, पण मग कामावर देखरेख करणारा आणि काम करणारा एकच होतो, हे लक्षात घेऊन देखरेखीची वेगळी तजवीज करावी.

चांगला ठेकेदार शोधावा कसा?

सर्वांत विश्वासाची माहिती आपल्याच इमारतीत किंवा शेजारच्या सोसायटीत मिळते, कारण त्या इमारतीचे पाइप कोठून जातात आणि स्लॅब कसा आहे हे तेथे काम केलेल्या माणसाला माहीत असते. ठेकेदार मोबाइलवर जी छायाचित्रे दाखवतो ती काम नुकतेच संपल्यावर काढलेली असतात, आणि नुकतेच संपलेले काम सगळ्यांचेच छान दिसते. म्हणून त्याच्याकडे दोन ठिकाणी नेण्याचा आग्रह धरावा. एक, सध्या चालू असलेले काम. दुसरे, किमान दोन पावसाळे पाहिलेले काम.

चालू कामावर गेल्यावर फरशीची नक्षी पाहण्यात वेळ घालवू नये. सिमेंटच्या गोण्या ओलीपासून दूर फळीवर रचल्या आहेत का, तोडफोडीच्या वेळी नहाणी ट्रॅपचे (बाथरूमचे पाणी जेथून सांडपाण्याच्या नळीत जाते त्या जमिनीतील भांड्याचे) तोंड बोळा घालून बंद केले आहे का, उघड्या वायरींची टोके टेपने गुंडाळली आहेत का, हे पाहावे. ट्रॅपचे तोंड उघडे ठेवणारा माणूस पुढे सगळ्या इमारतीची सांडपाण्याची नळी सिमेंटने बुजवून ठेवतो. जुन्या कामाच्या ठिकाणी बाथरूम पाहावेच, आणि जमल्यास खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना त्यांच्या छताबद्दल विनम्रपणे विचारावे. घरमालकाचे समाधान खोटे नसते, पण गळतीची बातमी आधी खालच्या घरात पोहोचते.

ठेकेदाराकडे सरकारी परवाना असतो का?

खासगी घराच्या नूतनीकरणाचा ठेका घेण्यासाठी महाराष्ट्रात वेगळा परवाना लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महापालिका यांच्याकडील ठेकेदार-नोंदणी ही सरकारी कामांच्या निविदांसाठी असते. ती असणे चांगले, पण तुमच्या घराच्या कामाची ती हमी नाही. विजेच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी राज्य शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदारच हवा, कारण वीजभार वाढवून घ्यायचा असेल तर त्याच्याच सहीचा चाचणी अहवाल मागितला जातो. पाइप गॅसच्या नळीला मात्र कोणत्याही ठेकेदाराला हात लावू देऊ नये. ती हलवण्याचे काम गॅस कंपनीची अधिकृत माणसेच करतात.

ठेकेदाराने जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीची सुरुवात 27 ने होते. वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्यांना नोंदणीची सक्ती नसल्यामुळे लहान ठेकेदाराकडे क्रमांक नसणे हा काही दोष नव्हे. दोष तेव्हा, जेव्हा क्रमांक नसताना बिलात जीएसटी लावला जातो.

सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागते का?

सोसायटीची लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरबदल करण्यापूर्वी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत कामाचे स्वरूप, ठेकेदाराचे नाव, मजुरांची ओळखपत्रे आणि बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम मागितली जाते. कामाच्या वेळा, दुपारची शांततेची वेळ, रविवारची बंदी आणि लिफ्टचा वापर हे नियम प्रत्येक सोसायटीत निराळे असल्यामुळे ठेकेदाराने दर सांगण्यापूर्वीच ते त्याला दाखवावेत. सामान जिन्याने चढवावे लागणार असेल तर मजुरी वाढते, आणि ही वाढ नंतर कळली की कुरबुर सुरू होते.

रंग, गिलाव्याची डागडुजी, फरशी बदलणे अशा किरकोळ दुरुस्तीसाठी साधारणपणे महापालिकेकडे जावे लागत नाही. भिंत काढणे, बाल्कनी खोलीत घेणे, बाथरूमची जागा बदलणे, नवा पोटमाळा बांधणे ही कामे मात्र किरकोळ दुरुस्तीत मोडत नाहीत. "सगळ्यांनीच बाल्कनी बंद केली आहे" हे ठेकेदाराचे वाक्य नोटीस आल्यावर उपयोगी पडत नाही. नोटीस घरमालकाच्या नावाने येते.

कोणती भिंत तोडता येते, हे ठेकेदार सांगू शकतो का?

अंदाज सांगू शकतो, निर्णय देऊ शकत नाही. कॉलम आणि बीम यांना हात लावायचा नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु जुन्या मुंबईत आणि पुण्याच्या पेठांत भिंतींवरच छताचा भार असलेल्या इमारती अजून उभ्या आहेत, आणि तेथे साधी वाटणारी विटांची भिंतही भार वाहत असते. दुसऱ्या टोकाला, अलीकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. ज्यांना बाजारात "मिव्हान"ची इमारत म्हणतात, त्या ह्याच. तेथे भिंत पाडणे तर दूरच, वायरसाठी खोल खाच पाडतानासुद्धा आतील सळई कापली जाण्याची भीती असते. शंका असेल तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घ्यावे. इमारत 30 वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे संरचना परीक्षणाचा अहवाल असायला हवा. तो मागून वाचावा. नवी इमारत असेल तर उलटी काळजी घ्यावी: रेरा कायद्यानुसार (बांधकाम प्रकल्प विकणाऱ्या विकासकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) ताबा दिल्यापासून 5 वर्षांपर्यंत रचनेतील दोषाची जबाबदारी विकासकावर असते, आणि आपणच तोडफोड केली तर ती जबाबदारी झटकायला त्याला निमित्त मिळते.

तीन ठेकेदारांच्या कोटेशनमध्ये दीडपट-दुपटीचा फरक कसा पडतो?

बहुतेक वेळा ते एकाच कामाचे कोटेशन नसते, म्हणून पडतो. एकाने साहित्यासह दर दिलेला असतो, दुसऱ्याने फक्त मजुरीचा, आणि तिसऱ्याने संपूर्ण फ्लॅटचा उक्ता आकडा लिहून दिलेला असतो. त्यामुळे दर मागण्यापूर्वी आपणच कामाची यादी करून ती तिघांनाही सारखीच द्यावी. "बाथरूमचे संपूर्ण काम" अशी ओळ त्यात नसावी. त्याऐवजी जुन्या टाइल व त्याखालचा कोबा (भरावाचा थर) काढणे, राडारोडा खाली उतरवून वाहून नेणे, पाण्याच्या नळ्या बदलणे, वॉटरप्रूफिंग, जमिनीच्या टाइल, भिंतीच्या टाइल किती उंचीपर्यंत, नळ व भांडी बसवण्याची मजुरी, दार, असे एकेक कलम असावे. कलमे सुटी केली की स्वस्त कोटेशन बऱ्याचदा आपोआप महाग होते, कारण त्यात काय धरलेले नव्हते ते उघडे पडते.

उक्त्या कामाबद्दल आमचे मत असे, की लहान कामात ते सोयीचे आहे आणि मोठ्या कामात घातक. उक्त्या रकमेत ठेकेदाराचा फायदा साहित्य आणि मजुरी वाचवण्यात असतो, आणि ती बचत तो नेहमी जेथे दिसणार नाही तेथेच करतो. म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर, भिंतीतील पाइप आणि वायरची जाडी. मोठ्या कामासाठी कलमवार दर आणि प्रत्यक्ष मापाप्रमाणे बिल हीच पद्धत ठेवावी.

माप कसे घेतात, आणि वाद कोठे होतात?

दर स्क्वेअर फुटाचा ठरला, तरी स्क्वेअर फूट कसा मोजायचा हे ठरलेले नसते. रंगाचे उदाहरण घेऊ. 10 फूट बाय 12 फूट आणि साडेनऊ फूट उंचीच्या खोलीच्या चारही भिंती 418 चौरस फूट भरतात, छत 120, एकूण 538. त्यात 3 बाय 7 चे दार आणि 5 बाय 4 ची खिडकी वजा केली तर 41 चौरस फूट कमी होतात. एका खोलीत ही रक्कम मोठी नसते, पण संपूर्ण फ्लॅटच्या बिलात ती सहज जाणवते. ठेकेदार म्हणतो की दाराच्या कडा रंगवायला जास्त मेहनत पडते, आणि त्यात तथ्यही आहे. मोजमापाच्या भारतीय मानकात गिलाव्यासाठी यावर मधला मार्ग काढलेला आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही आणि अर्धा ते 3 चौरस मीटरच्या दार-खिडकीची भिंतीच्या एकाच बाजूला करायची. तीच रीत रंगालाही लावायची असे आधी लिहून ठेवले तर कोणाचेच नुकसान होत नाही.

फर्निचरचे माप बहुधा दर्शनी भागाचे घेतात. 6 फूट रुंद आणि 7 फूट उंच कपाट म्हणजे 42 चौरस फूट, मग आत कितीही फळ्या असोत. पण त्या दरात आतून लॅमिनेट आहे का, ड्रॉवर किती, बिजागऱ्या आणि चॅनेल कोणत्या कंपनीच्या, वरचा लॉफ्ट त्याच दराने की वेगळा, हे लिहिलेले नसेल तर "दर्शनी" या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही.

टाइलमध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. बाजारात जिला दोन बाय दोनची टाइल म्हणतात, ती 600 मिलिमीटरची असते आणि दोन फुटांपेक्षा जवळजवळ 1 सेंटिमीटरने लहान असते. अशा 100 टाइल 400 चौरस फूट भरत नाहीत, साधारण 387 भरतात. त्यातच कापण्यातील नुकसान धरून 5 ते 10 टक्के जादा घ्याव्या लागतात. सर्व खोके एकाच बॅचचे आहेत ना, हे खोक्यावरील क्रमांक पाहून ठरवावे, आणि काम संपल्यावर एक-दोन खोकी लॉफ्टवर टाकून ठेवावीत.

लेखी करार करावाच का? ओळखीचा माणूस असला तरी?

ओळखीचा असेल तर अधिक अगत्याने करावा, कारण तेथे वाद झाला तर पैशांबरोबर ओळखही जाते. तोंडी करार कायद्याने अमान्य नसतो, पण सिद्ध करणे जिकिरीचे असते. करारात कलमवार दर, माप घेण्याची रीत, साहित्याचे ब्रँड व प्रत, सुरुवात आणि शेवटाची तारीख, पैशांचे टप्पे, उशिराबद्दल कपात, गळतीची हमी किती वर्षांची आणि त्या हमीत टाइल पुन्हा बसवण्याचा खर्च येतो की नाही, हे असावे. शेवटचा मुद्दा जवळजवळ सगळे विसरतात. वॉटरप्रूफिंगची हमी पाच वर्षांची दिली, पण गळती शोधायला टाइल फोडल्या तर त्या कोणाच्या खर्चाने, याचा उल्लेख नसेल तर ती हमी निम्मीच समजावी.

मुद्रांकाबाबत एक बदल ध्यानात ठेवावा: ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा अनेक दस्तांसाठी पूर्वीच्या 100 रुपयांऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो.

उचल किती द्यावी आणि पुढचे पैसे कसे?

ठेकेदाराला सुरुवातीला माणसे जमवायला आणि पहिला माल उचलायला पैसे लागतात, त्यामुळे 10 ते 20 टक्के उचल देणे रास्त आहे. निम्मी रक्कम आधी मागणारा ठेकेदार बहुधा तुमच्या पैशांनी आदल्या कामाची देणी भागवत असतो, आणि तुमचे काम पुढे कोणाच्या पैशांनी चालणार हे त्यावरून ओळखावे.

टप्पे तारखेवर किंवा "काम निम्मे झाल्यावर" अशा मोघम शब्दांवर बांधू नयेत. जेथे काम झाकले जाते तेथे बांधावेत. तोडफोड संपून राडारोडा गेल्यावर एक, भिंतीतील पाइप दाब देऊन तपासल्यावर आणि वायरिंगच्या नळ्या टाकल्यावर दुसरा, बाथरूममध्ये पाणी भरून गळतीची परीक्षा झाल्यावर तिसरा, फरशी-टाइल झाल्यावर चौथा, असे. पाच ते दहा टक्के रक्कम काम संपल्यानंतरही काही महिने हाती ठेवावी. खिडक्या, बाल्कनी किंवा बाहेरच्या भिंतीचे काम असेल तर ती रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत ठेवणे उत्तम, आणि हे करारातच लिहावे. नंतर सांगितले तर ठेकेदाराला ती फसवणूक वाटते, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

रक्कम बँकेतूनच द्यावी. प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यवहारात 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे. एका वर्षात एकाच ठेकेदाराला 50 लाखांहून अधिक रक्कम दिली जाणार असेल तर सामान्य घरमालकालाही कर कापून भरावा लागतो. ऑक्टोबर 2024 पासून हा दर 2 टक्के आहे. साहित्यासह कामावर जीएसटी 18 टक्के आहे, तेव्हा दर करासह आहे की कराशिवाय, हे पहिल्याच बैठकीत विचारावे.

साहित्य आपण आणावे की ठेकेदाराने?

सिमेंट, वाळू, विटा, चिकटवण्याचे साहित्य ठेकेदाराने आणावे. त्यात आपण पडलो तर दिवसातून तीनदा दुकानाच्या फेऱ्या होतात. टाइल, नळ, बाथरूमची भांडी, दिवे, रंगाची छटा, म्हणजे जे रोज डोळ्यांसमोर राहणार ते आपण निवडावे. मधल्या वर्गातील वस्तूंवर, म्हणजे प्लायवूड, वायर आणि पाइप यांवर मात्र बारीक नजर ठेवावी. स्वयंपाकघर आणि बाथरूमजवळच्या फर्निचरला उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या प्रतीचे प्लायवूड लागते. मरीन प्लायवूडवर आयएस 710 हे मानक छापलेले असते. मात्र हा शिक्का बनावटही असू शकतो, त्यामुळे आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून पाहावा. दिव्यांसाठी 1.5, साध्या प्लगसाठी 2.5 आणि एसी वा गिझरसाठी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ही सर्वसाधारण रीत आहे. वायरची गुंडाळी सीलबंद स्थितीत घरी येऊ द्यावी आणि रिकामी खोकी काम संपेपर्यंत टाकू नयेत. मोजणीला ती फार उपयोगी पडतात. वीजपेटीत 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. याच्या खर्चात काटकसर करण्याचा सल्ला देणाऱ्या ठेकेदाराला दुसरे काही विचारण्याची गरज नाही.

बाथरूमच्या कामात नेमके काय तपासावे?

सोसायट्यांमधील भांडणांत गळतीचा नंबर फार वरचा आहे आणि नूतनीकरण झालेल्या बाथरूमचा त्यात मोठा वाटा असतो. मूळ बिल्डरने केलेला थर आपण फोडून काढतो आणि त्याच्या जागी काय घातले ते चार दिवसांत टाइलखाली जाते. दोन सदनिकांमधील अशा आतल्या गळतीचा खर्च सोसायटी उचलत नाही. गच्ची आणि बाहेरच्या नळ्यांची जबाबदारी तिची, बाथरूमची तुमची.

तोडफोड सुरू होण्यापूर्वी खालच्या घरातील छताची छायाचित्रे त्यांच्या परवानगीने काढून ठेवावीत. आधीचा डाग आणि नंतरचा डाग यांतला फरक पुढे दाखवता येतो, आणि शेजाऱ्यांनाही कामाची आगाऊ कल्पना मिळते. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढल्यावर स्लॅब झाडून, धुऊन स्वच्छ होतो का ते पाहावे. धुळीवर मारलेला रसायनाचा थर धुळीलाच चिकटतो. सर्वांत नाजूक जागा असते ती नहाणी ट्रॅप आणि स्लॅब यांच्यामधील फट. तेथे ग्राउट (फटी बुजवण्याचा खास मसाला) भरण्याऐवजी सिमेंट-वाळू लोटून दिली जाते, आणि वर्षभराने खालच्या छतावर गोल डाग दिसतो. तसेच जमीन आणि भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यांना गोलाई देऊन थर भिंतीवर फूटभर तरी चढवलेला असावा. शॉवरच्या बाजूला त्याहून बराच वर.

थर वाळल्यावर नहाणीचे तोंड बंद करून पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करावी आणि किमान 48 तास वाट पाहावी. थोडे पाणी हवेने कमी होते. बोटभर उतरले तर कोठेतरी वाट आहे. याच काळात खालच्या घरातील छत दोनदा पाहून यावे. कोबा घातल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन परीक्षांमुळे काम चार-पाच दिवस लांबते आणि ठेकेदार कुरकुर करतो, कारण त्याचा टाइलवाला रिकामा बसतो. ही कुरकुर ऐकून घ्यावी आणि परीक्षा घ्यावी.

भिंतीतील नळ्या गिलावा करण्यापूर्वी हातपंपाने दाब देऊन तपासतात. मीटरचा काटा रात्रभर खाली यायला नको. त्यानंतर, प्रत्येक भिंतीला टेप लावून उघड्या नळ्यांची छायाचित्रे काढावीत. चार वर्षांनी टॉवेलचा दांडा बसवायला ड्रिल घेऊन उभे राहिल्यावर या छायाचित्रांचे मोल कळते. टाइल बसल्यावर नाण्याने ठोकून पाहाव्यात; जी बद्द वाजते तिच्याखाली मसाला नाही. शेवटी बादलीभर पाणी ओतून ते कोपऱ्यात न साचता नहाणीकडे जाते का, एवढे पाहिले की पुरे.

किती दिवस लागतात, आणि काम कधी काढावे?

दोन बेडरूमच्या फ्लॅटचे संपूर्ण काम ठेकेदार दीड महिन्यात करून देतो असे सांगतो. अडीच ते तीन महिने धरून चालावे. गणपती आणि दिवाळीपूर्वी सर्वांनाच घर रंगवून हवे असते, त्यामुळे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर दोन कामांवर आलटून-पालटून येतात. राजस्थानातील सुतार दिवाळीला व होळीला, बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील कारागीर छठपूजेला गावी गेले की किती दिवसांनी परततील हे ठेकेदाराच्याही हातात नसते. कामाचे वेळापत्रक मांडताना हे सण आधी कॅलेंडरवर खुणावून घ्यावेत. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत पुट्टी वाळत नाही, लाकूड फुगते आणि नंतर दारे अडकतात. तोडफोड, प्लंबिंग आणि वायरिंग मात्र तेव्हाही करता येते. दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपणारे काम सर्वांत सुरळीत होते, असे आम्ही सांगू.

घरात राहून काम करून घेता येईल का?

रंगाचे आणि एका खोलीचे येईल. दोन्ही बाथरूम किंवा संपूर्ण फरशी निघणार असेल तर जवळ भाड्याने राहावे. लहान मुले असतील तर आणखी एक कारण आहे: घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्यापूर्वीचे रंग खरवडताना उडणारी धूळ मुलांच्या श्वासात जाणे बरे नाही.

काम चालू असताना वाढीव काम निघाले तर?

निघतेच. टाइल काढल्यावर गंजलेली नळी दिसते, छत ठोकल्यावर गिलावा सुटतो. अशा वेळी जागेवरच्या जागेवर "करून टाका" म्हणू नये. काय, किती माप, कोणत्या दराने आणि त्यामुळे किती दिवस वाढणार, हे व्हॉट्सॲपवर लिहून ठेकेदाराने पाठवावे आणि आपण त्यावर होकार द्यावा. एवढ्याने शेवटच्या बिलावरची निम्मी बाचाबाची टळते. आपल्या मनात आलेले बदलही याच रीतीने कळवावेत. ओटा उभा राहिल्यावर सिंकची बाजू बदलणाऱ्या घरमालकाने दंड स्वतःलाच लावून घेतलेला असतो.

राडारोडा कोठे टाकायचा?

सोसायटीच्या आवारात, नाल्यात किंवा टेकडीच्या पायथ्याशी टाकता येत नाही, दंड होतो. मुंबईत महापालिकेची "डेब्रिज ऑन कॉल" ही सेवा आहे, इतर शहरांत स्थानिक प्रभाग कार्यालयात चौकशी करावी. राडारोडा ब्रासवर मोजतात आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. गोणीच्या दराने ठरवायचे असेल तर गोण्या कोण मोजणार, तेही ठरवावे.

मजुराला अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

मजूर ठेकेदाराचे असले तरी घटना तुमच्या घरात घडलेली असते आणि तुम्हाला त्यापासून पूर्णपणे अंग काढून घेता येत नाही. ठेकेदाराकडे कामगारांसाठी विमा असेल तर त्याची प्रत घ्यावी. नसेल तर एका कामापुरती पॉलिसीही काढता येते. खिडकीबाहेर, ग्रिलवर किंवा डक्टमध्ये चढून करायच्या कामासाठी सुरक्षापट्टा असल्याशिवाय माणूस चढू देऊ नये, मग त्या दिवशीचे काम बुडाले तरी चालेल.

काम अर्धवट सोडून ठेकेदार निघून गेला, किंवा हमीच्या काळात फोन उचलत नाही. काय करावे?

प्रथम नवा माणूस लावून चुका झाकण्याची घाई करू नये. आहे त्या स्थितीची तारखेसह छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी, झालेल्या कामाचे माप एखाद्या स्वतंत्र इंजिनिअरकडून लिहून घ्यावे आणि ठेकेदाराला 15 दिवसांची मुदत देणारे पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावे. बरेच ठेकेदार या पत्रानंतर येतात. त्यांना वकिलाची भीती असते त्यापेक्षा त्याच परिसरात पुढची कामे न मिळण्याची जास्त असते, आणि स्थानिक माणूस नेमण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

तो आलाच नाही तर महारेराकडे (रेरा कायद्याखालील राज्याचे प्राधिकरण) जाऊन उपयोग नाही, कारण तो कायदा प्रकल्प विकणाऱ्या विकासकांसाठी आहे आणि घराची दुरुस्ती त्यात बसत नाही. मार्ग आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा. सदोष किंवा अर्धवट काम ही सेवेतील त्रुटी ठरते. दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून ऑनलाइन दाखल होते, आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते. अर्जासोबत करार, बँकेतील व्यवहारांचा उतारा, व्हॉट्सॲपवरील संदेश, छायाचित्रे, इंजिनिअरचे माप आणि पाठवलेल्या पत्राची पोच जोडावी. दुसऱ्या ठेकेदाराकडून उरलेले काम पूर्ण करून घेतले असल्यास त्याचे बिलही जोडावे, कारण भरपाईची रक्कम ठरवताना आयोगासमोर तोच आकडा सर्वांत ठोस असतो.